सोंगटी परत का येत नाही? न्यूटनचे नियम, नियतत्व आणि उलटा काळ

प्रश्न थोडक्यात असा आहे. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात सांगितलं गेलं की न्यूटनचे नियम ‘डिटरमिनिस्टिक’ (नियत) आहेत आणि ‘रिव्हर्सिबल’ही (उलट चालण्याजोगे) आहेत. ही एकच गोष्ट दोन नावांनी सांगितली आहे का? आणि नियम उलटेही चालत असतील, तर कॅरमवर घसरत जाऊन थांबलेली सोंगटी आपणहून परत का येत नाही? ‘घर्षणामुळे’ एवढंच उत्तर मिळालं आणि ते पटलं नाही.

पटलं नाही हे उत्तम झालं. मुंबईत बरीच वर्षं यांत्रिकी आणि सांख्यिकीय भौतिकी शिकवतोय, आणि ‘घर्षणामुळे’ या शब्दाखाली किती वेगवेगळ्या गोष्टी दडपल्या जातात ते दर वर्षी पाहतो. तू विद्यार्थिनी आहेस, तेव्हा अगं-तुगं चालेल असं धरतो. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: नियतत्व पुस्तकात वाटतं तितकं पक्कं नाही, आणि उलट चालण्याचा गुण डोळ्यांना दिसतो त्यापेक्षा कितीतरी पक्का आहे.

सुरुवात ‘अवस्था’ या कल्पनेपासून करावी लागते. न्यूटनचा दुसरा नियम त्वरण सांगतो. त्यामुळे कण आत्ता कुठे आहे एवढ्यावर पुढचं काही ठरत नाही, त्याचा वेगही लागतो. जागा आणि वेग मिळून अवस्था. सगळ्या कणांची अवस्था आणि त्यांच्यातली बलं माहीत असलेल्या बुद्धीला भविष्य आणि भूतकाळ दोन्ही सारखेच उघडे असतील, हे लाप्लास यांनी १८१४ मध्ये लिहिलं. ते वाक्य सगळेजण भविष्यासाठी उद्धृत करतात, पण त्यात भूतकाळही आहे.

आता मध्य रेल्वेची मेन लाइन डोळ्यांसमोर आण. अवस्था म्हणजे स्टेशन, नियम म्हणजे रूळ. डाऊन दिशेला, म्हणजे मुंबईपासून दूर जाताना, कल्याणला फाटा फुटतो: एक रस्ता शहाडवरून कसाऱ्याला, दुसरा विठ्ठलवाडीवरून कर्जतला. नुसतं ‘गाडी कल्याणला आहे’ एवढं सांगितलं तर पुढचं स्टेशन कोणतं ते सांगता येत नाही. अप दिशेला मात्र कल्याणनंतर ठाकुर्ली, ठरलेलंच. पण तिथे मागचं कळत नाही. गाडी शहाडहून आली की विठ्ठलवाडीहून, हे ‘कल्याण’ या नावात नाही. पुढे फाटे न फुटणं म्हणजे नियतत्व. मागून फाटे येऊन न मिळणं म्हणजे भूतकाळही एकच असणं. एक असलं म्हणजे दुसरं असेलच असं नाही.

आणि या दोन्हींपेक्षा वेगळी तिसरी गोष्ट आहे, तीही वर्गात ‘रिव्हर्सिबल’ याच नावाखाली येते. एखाद्या हालचालीची फिल्म उलटी चालवली, तर दिसणारी हालचालही त्याच नियमांत बसते का? वर फेकलेल्या चेंडूची फिल्म उलटी करून बघ, काही वावगं दिसणार नाही. काळाची दिशा बदलली की वेगाचं चिन्ह बदलतं, पण त्वरणाचं दोनदा बदलतं, म्हणजे होतं तेच राहतं. बल फक्त जागेवर अवलंबून असेल तर नियमाला फरकच कळत नाही.

या तिन्ही गोष्टी वेगळ्या काढायला दोन उदाहरणं पुरतात. चुंबकीय क्षेत्रात फिरणारा विद्युतभारित कण घे. त्याचा वेग नेमका उलटा केला तर तो आल्या वाटेने परत जात नाही. बलही वेगाबरोबर उलटतं आणि कण दुसऱ्याच वर्तुळावर निघतो. फिल्म उलटी चालवायची तर क्षेत्र निर्माण करणाऱ्या वेटोळ्यातला प्रवाहही उलटा करावा लागतो. तरी त्या कणाचा भूतकाळ अगदी नीट काढता येतो. दुसरं उदाहरण ग्लिसरीनमध्ये सोडलेल्या गोळीचं. गुरुत्व बाजूला ठेव, फक्त वेगाच्या प्रमाणात होणारा विरोध धर. गोळी मंदावत जाते. उलट्या फिल्ममध्ये ती आपोआप वेग घेताना दिसेल, म्हणजे फिल्म बेकायदा. पण भूतकाळ तरीही एकच आहे! आत्ताचा वेग माहीत असेल तर दहा सेकंदांपूर्वीचा वेग घातांकी सूत्राने मिळतो, कारण या समीकरणात वेग कधीच पूर्ण शून्य होत नाही. अडचण व्यवहारातली आहे. मंदावण्याचा जो ठरावीक काळ असतो, त्याच्या दहापट मागे जायचं तर मोजमापातली चूक सुमारे २२,००० पट होते.

सोंगटीखालचं घर्षण मात्र या जातीचं नाही. कोरडं घर्षण वेग कितीही असो, साधारण तेवढंच असतं आणि सोंगटीला ठरावीक वेळात खरोखरच थांबवतं. आता थांबलेल्या सोंगटीकडे बघ. ती जवळून हळू आली की लांबून जोरात? मिनिटापूर्वी थांबली की काल रात्रीपासून तिथेच आहे? समीकरणाकडे उत्तर नाही. असंख्य भूतकाळ एकाच वर्तमानात येऊन मिळतात. तळाला भोक पडलेल्या पिंपाचंही तसंच. टॉरिचेलीच्या नियमाप्रमाणे पाणी बाहेर पडण्याचा वेग पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे असतो, म्हणून पिंप ठरावीक वेळात रिकामं होतं. आणि रिकाम्या पिंपाकडे बघून ते कधी रिकामं झालं ते सांगता येत नाही. ते वर्गमूळ लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

म्हणजे ‘घर्षणामुळे रिव्हर्सिबिलिटी जाते’ या वाक्यात दोन वेगळी घर्षणं आहेत: एक फिल्म उलटू देत नाही पण भूतकाळ राखतं, दुसरं भूतकाळही पुसतं.

आता मला सर्वांत आवडणारा भाग. समज, घर्षण अजिबात नाही, नियम पूर्णपणे उलटण्याजोगे आहेत, आणि तरीही वाटा एकत्र मिळतात. मग काय होईल? फिल्म उलटी केली की मिळणाऱ्या वाटा फुटणाऱ्या वाटा होतात, आणि उलटी फिल्मही कायदेशीर असल्यामुळे फाटा खराच असतो. म्हणून उलटण्याजोग्या नियमांत नियतत्व एकाच दिशेने मोडू शकत नाही. मोडलं तर दोन्हीकडे.

असं खरंच घडतं का? तत्त्वज्ञ जॉन नॉर्टन यांनी २००३ मध्ये एक घुमट सुचवला. घर्षण नाही. माथ्यापासून पृष्ठभागावरून जितकं दूर जावं, त्या अंतराच्या दीडाव्या घातात उतार खाली जातो. योग्य एकक घेतली की गणित सुटसुटीत होतं: माथ्यापासूनच्या अंतराचं वर्गमूळ म्हणजे त्वरण. माथ्यावर ठेवलेला कण कायम तिथेच बसून राहणं हे एक उत्तर. दुसरं उत्तर: अंतर = काळाचा चौथा घात भागिले १४४. दोनदा अवकलन करून बघ. डावीकडे काळाचा वर्ग भागिले १२, उजवीकडेही तेच. या उत्तरात सुरुवातीला अंतर शून्य, वेग शून्य, त्वरणही शून्य. म्हणजे कण माथ्यावर हवा तितका वेळ बसू शकतो आणि मग कोणीही धक्का न देता, कोणत्याही दिशेला निघू शकतो. दुसरा नियम क्षणोक्षणी पाळला जातोय. फिल्म उलटी करून पाहिलं की यातलं गूढ बरंच उतरतं: खालून अगदी मोजून दिलेल्या वेगाने वर ढकललेला कण ठरावीक वेळात माथ्यावर पोचून थांबतो, एवढंच त्यात आहे. साध्या गोलाकार घुमटावर हे जमत नाही. तिथे असा कण माथ्याच्या जवळजवळ जात राहतो, पण पोचायला अनंत काळ लागतो. म्हणून तिथे नियतत्व शाबूत.

फरक त्या वर्गमुळाचा. शून्यापाशी वर्गमुळाचा चढ अनंत असतो, आणि विकल समीकरणाला एकच उत्तर असण्याची जी हमी आपण गणिताच्या तासाला शिकतो तिची लिपशिट्झची अट (बलाचा चढ कुठेही अनंत होऊ नये) तिथे मोडते. पिंपाच्या गणितातही तीच अट मोडली होती. ही अट न्यूटनच्या तीन नियमांत कुठेही लिहिलेली नाही. बल कसं असावं यावर आपण बाहेरून लादलेली ती शिस्त आहे, आणि नियतत्व त्या शिस्तीच्या जोरावर उभं आहे.

यावर नेहमीचा आक्षेप येतो की असा घुमट बनवताच येणार नाही, माथ्यावर वक्रता अनंत आहे, पदार्थ अणूंचा असतो वगैरे. बरोबरच आहे. घुमट पाहून झोप उडवून घेण्याचं कारण नाही. पण ‘न्यूटनचे नियम म्हणजे नियतत्व’ हे तार्किक विधान म्हणून चुकीचं आहे, हे दाखवायला तो पुरेसा आहे.

घुमट नको असेल तर गुरुत्वाकर्षण घे. फ्रेंच गणिती पँलेव्हे यांनी १८९५ मध्ये विचारलं होतं की एकमेकांवर न आदळताही बिंदुरूप वस्तूंच्या गतीचं गणित ठरावीक वेळात कोलमडू शकतं का. झिहाँग शिया यांनी १९९२ मध्ये पाच वस्तूंची अशी रचना सिद्ध करून दाखवली, जिच्यात वस्तू ठरावीक वेळातच अनंतापर्यंत निघून जातात. ऊर्जा येते ती बिंदुरूप वस्तू एकमेकींच्या हव्या तितक्या जवळ जाऊ शकतात त्यातून. आता ही फिल्म उलटी कर: अवकाश रिकामं आहे, आणि अचानक अनंतातून वस्तू येऊन हजर होतात. आधीच्या अवस्थेत त्यांचा मागमूस नाही. प्रकाशाच्या वेगाची मर्यादा आली की हा मार्ग बंद होतो. म्हणजे या बाबतीत सापेक्षता सिद्धांत न्यूटनपेक्षा जास्त नियत आहे. हे बहुतेकांना उलटं वाटतं.

केऑसबद्दल (सुरुवातीची बारीकशी चूक झपाट्याने वाढत जाणं) थोडक्यातच, कारण लोक त्याला नियतत्वाचा शत्रू समजतात आणि तो तसा नाही. कॅरमवर घर्षण नाही असं समज. सोंगटीचा व्यास सुमारे ३ सेंमी, दोन टकरींमधलं अंतर २० सेंमी धर. दिशेतली छोटी चूक पुढच्या टकरीपर्यंत २० सेंमीवर पसरते आणि ३ सेंमीच्या मापाने पुन्हा कोनात बदलते, म्हणजे प्रत्येक टकरीला चूक साधारण सातपट. पहिल्या फटक्यात नेम फक्त एका अणूच्या रुंदीने चुकला, तरी अकराव्या टकरीपर्यंत दिशा पूर्ण बेभरवशाची होते. ग्रहांचंही असंच, फक्त सावकाश. जाक लास्कार यांच्या १९८९ च्या गणिताप्रमाणे सूर्यमालेच्या आतल्या भागात चूक दर १ कोटी वर्षांत साधारण दहापट होते. पण यात कुठेही फाटा फुटत नाही. प्रत्येक सुरुवातीला एकच पुढचा मार्ग आहे, आपल्याला ती सुरुवात पुरेशी नेमकी माहीत नसते इतकंच. मॅक्स बॉर्न यांनी १९५५ मध्ये नेमकं इथेच बोट ठेवलं होतं: अनंत दशांश स्थळांपर्यंतची अवस्था मोजताच येत नसेल, तर अशा नियतत्वाला भौतिक अर्थ तरी किती? मला हा आक्षेप घुमटापेक्षा जास्त बोचतो.

आता सोंगटी. कोरड्या घर्षणाचं समीकरण भूतकाळ पुसतं हे खरं, पण ते समीकरण मुळात निसर्गाचा नियम नाहीच. तो हिशेबाचा सोपा मसुदा आहे. सोंगटी, पावडर, प्लायवूड, हवा, सगळ्यांचे अणू मोजले तर त्यांच्यातली बलं उलटण्याजोगी आहेत. आपण फक्त सोंगटीची जागा पाहतो, म्हणजे स्टेशनचं नाव वाचतो आणि गाडीकडे बघत नाही. कल्याणला अप गाड्या ‘एकत्र’ येतात त्या नावापुरत्या. कसाऱ्याहून आलेला प्रत्येक डबा कसाऱ्याहूनच आलेला असतो. थांबलेल्या सोंगटीचा भूतकाळ बोर्डाच्या अणूंच्या थरथरीत शाबूत आहे. लिऊव्हिल यांच्या १८३८ च्या प्रमेयाचं म्हणणं हेच: सगळी चलं हिशेबात असतील, तर अवस्थांच्या अवकाशात व्यापलेलं आकारमान काळाबरोबर बदलत नाही. ते ताणलं जाईल, धाग्यांसारखं पसरेल, पण आटणार नाही. ग्लिसरीनच्या समीकरणात ते आटतं, आणि त्यावरूनच ओळखायचं की हिशेबातून काहीतरी गाळलंय.

मग ती थरथर एकवटून सोंगटीला परत का ढकलत नाही? नियम मनाई करत नाही. आकडे बघ. ५ ग्रॅमची सोंगटी सेकंदाला २ मीटर वेगाने निघाली तर तिची ऊर्जा ०.०१ ज्यूल. थांबताना ती सगळी उष्णता झाली. खोलीचं तापमान ३०० केल्विन धरलं तर एन्ट्रॉपी (अणूंच्या शक्य मांडण्या किती, याचं माप) सुमारे ३.३ भागिले एक लाख ज्यूल प्रति केल्विन इतकी वाढली. हे बोल्ट्झमनच्या स्थिरांकाने भागलं की साधारण २.४ गुणिले १० चा १८ वा घात येतो, आणि हा आकडा अवस्थांच्या संख्येच्या लॉगॅरिदमचा आहे. म्हणजे थांबलेल्या सोंगटीशी जुळणाऱ्या अणूंच्या मांडण्या, निघालेल्या सोंगटीच्या मांडण्यांपेक्षा इतक्या पट जास्त आहेत की तो गुणोत्तराचा आकडा लिहायलाच १० चा १८ वा घात इतके अंक लागतील. सगळ्या मांडण्यांतली एखादी सोंगटीला परत पाठवते. ती निवडून तयार करणारा हात आपल्याकडे नाही.

हे भांडण जुनं आहे. बोल्ट्झमन यांनी १८७२ मध्ये वायूची एन्ट्रॉपी वाढतच जाते हे टकरींच्या गणितातून काढलं. १८७६ मध्ये त्यांचेच व्हिएन्नाचे स्नेही लोश्मिट यांनी विचारलं की सगळ्या रेणूंचे वेग उलटे केले तर एन्ट्रॉपी कमी व्हायला हवी, मग उलटण्याजोग्या नियमांतून एकाच दिशेचं प्रमेय निघालं कसं? उत्तर असं की गणितात एक गृहीतक गुपचूप शिरलं होतं: टकरीपूर्वी रेणूंचे वेग एकमेकांशी असंबद्ध असतात. ‘पूर्वी’ म्हटलं तिथेच काळाची दिशा ठरली. १८७७ पर्यंत बोल्ट्झमन स्वतः संभाव्यतेच्या भाषेत बोलू लागले होते. पण संभाव्यतेनेही काम पूर्ण होत नाही, कारण तोच युक्तिवाद मागे लावला तर भूतकाळातही एन्ट्रॉपी जास्त असायला हवी होती. ती तशी नव्हती, हे सुरुवातीच्या परिस्थितीबद्दलचं विधान आहे, गतीच्या नियमांबद्दलचं नाही. विद्युतचुंबकीय लहरींतही असाच पेच आहे. मॅक्सवेलची समीकरणं आत येणाऱ्या लहरींनाही तितकीच परवानगी देतात, दिसतात मात्र बाहेर जाणाऱ्या. जयंत नारळीकरांनी फ्रेड हॉईल यांच्याबरोबर या दिशेचा संबंध विश्वाच्या प्रसरणाशी जोडण्यावर बरंच काम केलं होतं, ते जमलं तर जरूर वाच.

परीक्षेत लिहायचं तर असं लिही: जागेवर अवलंबून असलेल्या आणि लिपशिट्झची अट पाळणाऱ्या बलांसाठी न्यूटनचे नियम पुढे व मागे दोन्हीकडे एकच उत्तर देतात आणि काळ उलटल्यावरही तेच राहतात, घर्षणाची समीकरणं या गटात बसत नाहीत, कारण त्यांत बरीच चलं गाळलेली असतात. परीक्षक चांगला असेल तर पूर्ण गुण देईल. घुमट लिहू नकोस, वेळ जातो.

कागदावर समाधान झालं नाही तर संगणकावर करून बघ. १९६७ मध्ये ऑर्बन आणि बेलेमान्स यांनी १०० कडक चकत्यांची गती संगणकावर चालवली, मध्येच सगळे वेग उलटे केले, आणि चकत्या सुरुवातीच्या मांडणीकडे परतताना पाहिल्या. वेगांत मुद्दाम चुका मिसळल्यावर हे परतणं बिघडत गेलं. तू चकत्यांऐवजी एकमेकांना मऊपणे ढकलणारे वीसेक कण घे आणि पायथनमध्ये गती पायरीपायरीने काढायची ‘लीपफ्रॉग’ पद्धत वापर; ऑयलरची साधी पद्धत नको, ती स्वतःच उलटण्याजोगी नाही. थोडा वेळ चालवून वेग उलटे केलेस तर कण घरी परततील. जास्त वेळ चालवलंस तर परतणार नाहीत, कारण सोळाव्या अंकापाशी होणारी काटछाट (राउंडिंग) केऑसने मोठी केलेली असेल. मग जागा पूर्णांकांत साठव आणि प्रत्येक पायरीला बलामुळे होणारा बदल ठरलेल्या एकाच रीतीने पूर्णांकात आण. लेव्हेक आणि व्हर्ले यांनी १९९३ मध्ये हेच केलं होतं. आता कितीही पायऱ्या चालव, वेग उलटे कर, शेवटच्या बिटपर्यंत सगळं जागेवर येतं. काटछाट अजूनही होतेच आहे, म्हणजे मार्ग ‘खरा’ नाहीच. पण पुढच्या पायरीला जी काटछाट झाली तीच मागच्या पायरीलाही होते, म्हणून वाटा कुठेच मिळत नाहीत.